सेकंड हँड सॅक्सोफोन घेताय? पैसे द्यायच्या आधी हे वाचा

सॅक्सोफोन शिकायचाय, नवा परवडत नाही म्हणून जुना शोधताय आणि स्वतःला अजून एक सूर धड काढता येत नाही, अशांसाठी हे लिहितोय. ज्यांना वाजवता येतं त्यांना कोणी सहसा फसवायला जात नाही, ते दोन मिनिटं वाजवून बघतात आणि नको म्हणून निघून जातात. गिऱ्हाईक नवशिकंच लागतं. वाद्यात काय बिघाड आहे आणि आपल्याला काय येत नाही यातला फरकच नवशिक्याला कळत नसतो, आणि माझ्या विकणाऱ्याचा सगळा धंदा तेवढ्यावर चाललेला.

हिंदी सिनेमातल्या गाण्यांत वाजणारा मनोहारी सिंगांचा सॅक्स ऐकत मोठा झालेला माणूस मी, चाळिशी उलटल्यावर म्हणलं आता शिकायचंच. यामाहाचा नवा वायएएस-२८०, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचा अल्टो जातीचा सॅक्स, बघितला तर लाखाच्या वर. चायनीज नवे पीस त्याच्या पाव किमतीत मिळतात, मेरठचे बँडवाल्यांचे त्याहून स्वस्त, पण ज्याला विचारावं तो म्हणायचा की त्यात पडू नको, जुना यामाहा मिळतोय का बघ. सल्ला चांगलाच आहे. फक्त हाच सल्ला सगळ्यांना मिळतो हे विकणाऱ्यांनाही माहितीये.

तर जाहिरात दिसली. यामाहा अल्टो, वायएएस-२३, मेड इन जपान, दुबईहून आणलेला, हार्डली यूज्ड, ४८ हजार. पुण्याच्या बाहेर एका सोसायटीत फ्लॅट, त्यातली एक खोली दुकानासारखी लावलेली, भिंतीवर ट्रंपेट, क्लॅरिनेट, स्टँडवर सॅक्स ओळीनं. माणूस बोलायला एकदम गोड, चहा आला, दादा दादा करत होता आणि मुख्य म्हणजे स्वतः छान वाजवतो. त्यानं खिशातून आपला मेटलचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा तुकडा, काढला, माझ्या होऊ घातलेल्या सॅक्सला लावला आणि एक जुनं हिंदी गाणं असं वाजवलं की मी तिथंच विकत घेतला म्हणा ना. आता आठवून सांगतो, ते गाणं पूर्ण मधल्या आणि वरच्या सप्तकात होतं. खालचा डी, सी, बी, बी फ्लॅट यांच्या वाटेला तो एकदाही गेला नाही. त्या वेळी हे कोणाच्या लक्षात येणार? ऐकणारा तोंडाकडे बघत बसतो.

मग माझी पाळी. त्यानं मेटलवाला काढून परत खिशात टाकला आणि मला सोबत येणारा प्लॅस्टिकचा लावून दिला. जी वाजला, ए वाजला, बी वाजला, मी खूश. बोटं खाली न्यायला लागलो की सूर गुरगुरायचा नाहीतर टुणकन वरच्या सप्तकात उडी मारायचा. तो हसला, म्हणाला, "दादा, हे सगळ्यांचंच होतं, ओठ बसायला सहा महिने जातात." आणि गंमत अशी की हे खोटं नाहीये! नवशिक्याचे खालचे सूर खरंच फुटतात. अर्धं खरं असतं म्हणूनच आपण वाद घालू शकत नाही.

पुढचं नेहमीचं. नाशिकहून एकजण बघायला निघालाय, तुम्ही पहिले आलात म्हणून तुम्हाला, बिल पाहिजे तर वर जीएसटी लागेल. ४२ हजारात ठरलं, यूपीआयनं दिले, सॅक्स घरी आला.

घरी महिनाभर फुंकून फुंकून गाल दुखले, शेजारच्या काकूंनी बेल वाजवून चौकशी केली, पण खालचे सूर काही येईनात. फोन केला तर म्हणाला, अहो माउथपीस बदला, सोबतचा फक्त चालू कामापुरता असतो. परत गेलो. आता जे झालं ते जरा नीट वाचा कारण ही युक्ती मला नंतर एका वाजवणाऱ्यानं समजावून सांगितली आणि मी थक्क झालो.

त्यानं ट्रेमध्ये माउथपीस मांडले. प्रत्येकावर रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, आधीच बसवलेली, ती धरून ठेवणारं लिगेचर आवळलेलं, नुसतं घ्यायचं आणि फुंकायचं. (एकाचं झालं की रुमालानं पुसून दुसऱ्याला, हा किळसवाणा प्रकार वेगळाच.) पहिला दगडासारखा, दुसरा नुसती हवा, तिसऱ्यातून काहीतरी घोगरं आलं आणि चौथा, सेल्मर कंपनीचा सी-स्टार, अहाहा, हात लावताच बोलायला लागला. अकरा हजार, तेही मोजले. म्हणाला, बघा, तुमच्या कानाला कळलं ना? कानाला कळलं ती रीड होती. बाकीच्यांवर तीन नंबरच्या, म्हणजे कडक, वापरून मेलेल्या, टोकाला चीर गेलेल्या रीड आणि या एकावर दोन नंबरची नवीकोरी मऊ रीड. मऊ रीडवर नवशिक्याचा सूर पटकन निघतो, त्यात माउथपीसचं कौतुक फार थोडं. माउथपीसची तुलना करायची तर एकच रीड, एकच लिगेचर, सॅक्सच्या टोकाच्या कॉर्कवर एकाच खुणेपर्यंत आत ढकललेला, असं करून बघायचं आणि रीड आपली, आपण घेऊन गेलेली. विकणारा म्हणाला की राहू द्या मी लावून देतो, तर नाही म्हणायचं.

खालचे सूर अर्थातच तरीही नाहीत. पुढच्या वेळी त्याचं निदान बदललं. तुमचा प्रॉब्लेम चेंबरचा, म्हणजे माउथपीसच्या आतल्या पोकळीचा आहे, मेटल घ्या, मी वाजवतो तसा, सोळा हजार. तो मी फुंकला तर चक्कर यायची बाकी राहिली, सूर म्हणून नाही. टोकाची फट रुंद, आठ नंबरची, ती पेलायला ओठ तयार लागतात, शिकणाऱ्याला कोणी असला माउथपीस देत नाही. तिथं पहिल्यांदा पाल चुकचुकली.

मेव्हण्याच्या ओळखीतले एक काका आहेत नगरकडचे, सगळी हयात बँडमध्ये क्लॅरिनेट आणि सॅक्स वाजवण्यात गेलेली, दुरुस्ती पण करतात. त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी सॅक्स हातात घेऊन आधी फुंकलाच नाही. नेक, म्हणजे माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी, काढला, उलटा करून खालच्या बाजूनं अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, हात लावून बघा. नळीच्या वाकाखाली बारीक सुरकुत्या, म्हणजे नेक कधीतरी दाबून वाकलाय आणि परत सरळ करून वर लॅकर मारलाय. मग गणपतीच्या डेकोरेशनची एलईडीची पट्टी आणली, बेलमधून, म्हणजे पुढच्या रुंद तोंडातून, आत पार वरपर्यंत सोडली, खोलीतला दिवा घालवला आणि वरपासून एकेक की हलक्या बोटानं बंद करत गेले. भोकं झाकणाऱ्या गाद्या म्हणजे पॅड, बरोबर बसलेल्या पॅडखाली अंधार पाहिजे. माझ्या सॅक्सला जी शार्पच्या पॅडखाली अर्धचंद्र दिसला, एफच्या खाली रेघ, खालच्या सीला तर एका बाजूनं सरळ उजेड. पॅड फेविक्विकसारख्या कशानं तरी चिकटवलेले, एका कीखाली कागदाची घडी सारलेली.

काका म्हणाले, "खालच्या बी फ्लॅटला वरपासून खालपर्यंत सगळी दारं लावावी लागतात, एक उघडं राहिलं तरी वारं पळालं." अल्टोला वीस-पंचवीस पॅड असतात, त्यातल्या एका-दोघांखाली केसाएवढी फट असली तरी मधले सूर चालून जातात, मार खातात ते खालचे. मुरलेला वादक बोटं दाबून, फुंक वाढवून वेळ मारून नेतो, पण नवशिक्याला तेवढं जमत नाही. म्हणून तो खोलीतला माणूस वाजवायचा तेव्हा वाजायचं आणि मी फुंकला की ओठ कच्चे.

शेवटची शंका राहू नये म्हणून काकांनी अदलाबदल केली. माझा माउथपीस त्यांच्या जुन्या सॅक्सवर लावून मला दिला, म्हणाले हलकं फुंका. बी फ्लॅट आला. भोंग्यासारखा आला पण आला, पहिल्यांदा, माझ्या तोंडून. मग त्यांचा माउथपीस माझ्या सॅक्सवर लावून ते स्वतः बसले, आणि त्यांचाही सूर फाटला. एवढं बघितल्यावर ओठांचा विषय संपला.

नंतर घरी येऊन बाकीचं शोधलं तर हसावं का रडावं. वायएएस-२३ ला वरच्या एफ शार्पची की नसते, वरच्या एफपर्यंतच जातो, माझ्यावर ती की दिमाखात बसलीये. आणि लोगो! यामाहाच्या खुणेत तीन ट्यूनिंग फोर्क असतात. वाद्यांच्या कंपनीच्या लोगोत ते गोलाच्या आतच संपतात, मोटरसायकलवाल्या कंपनीच्या लोगोत बाहेरच्या गोलाला टेकतात. माझ्या सॅक्सवर टेकलेत. म्हणजे ज्यानं कोरला त्यानं समोरच्या बाइकच्या टाकीवरून उतरवून घेतला असणार. सेल्मरची तीच गत, त्यांच्या एस-८० मालिकेतल्या माउथपीसचा आतला चेंबर चौकोनी असतो, शँककडून, म्हणजे मागच्या टोकाकडून, डोकावलं की दिसतो, माझा चक्क गोल. शिवाय रीड टेकते त्या दोन्ही बाजूंच्या कडा, म्हणजे रेल, एक जाड एक बारीक. काकांच्या मते तसा वाजायला अगदी टाकाऊ नाही, हजार-दोन हजाराचा माल. शिकणाऱ्याला खरा यामाहाचा ४सी माउथपीस पुरतो, तोसुद्धा मी दिलेल्या पैशांच्या किती तरी खाली मिळतो.

माउथपीस बघण्याचा अजून एक प्रकार काकांनी दाखवला. रीड ओली करून नीट बसवायची, मागचं भोक तळहातानं घट्ट बंद करायचं, तोंडानं हवा ओढून घ्यायची आणि सोडायचं. रीड क्षणभर चिकटून राहून मग टप्पकन सुटली तर रीड आणि माउथपीसचा मेळ बसलाय. लगेच सुटली तर रीड वाकडी किंवा माउथपीसची बैठक वाकडी. वाजवता न येणाऱ्यालाही हे जमतं. एलईडीची पट्टी पण जमते, शे-दोनशेचं काम आहे, आणि ती आत घालू न देणाऱ्याकडून सॅक्स घ्यायचाच नाही.

अँटिक म्हणून विकतात त्यांच्याबद्दलही दोन शब्द, कारण त्या विकणाऱ्याच्या खोलीत तसाही एक होता. १९२०च्या आगेमागे बनलेल्या कित्येक सॅक्सवर सिरियल नंबरजवळ एच किंवा एचपी असं ठोकलेलं असतं, ते त्या काळच्या चढ्या पट्टीचे, आजच्या ४४० हर्ट्झच्या पट्टीला नीट लागत नाहीत, माउथपीस कितीही बाहेर ओढा. त्याच काळातले सी मेलडी पण येतात, अल्टो आणि त्याहून मोठ्या टेनरच्या मधल्या आकाराचे. ते वाईट नसतात, पण अल्टो म्हणून गळ्यात मारले तर पुस्तक, क्लास, सोबतचे वाजवणारे कशाशीच मेळ बसणार नाही. शोकेसला छान.

आता पैशांचं. विकणाऱ्याला फोन केला तर आधी म्हणाला तुम्ही घरी पाडला असेल. मग म्हणाला मी यामाहा म्हणलोच नव्हतो, यामाहा टाइप म्हणलो होतो. जाहिरात तोवर काढून टाकलेली, पण माझ्याकडे स्क्रीनशॉट होता आणि व्हॉट्सॲपवर त्यानंच लिहिलेलं "ओरिजिनल जपान" पण होतं. त्यावर ऑफर दिली की पंधरा हजार अजून भरा, दुसरा देतो! चौकीत गेलो. हवालदार साहेब म्हणाले, वाजतो का नाही वाजत ते सांगा. म्हणलं वाजतो, पण खाली वाजत नाही. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ना. हा दिवाणी मामला आहे म्हणून वाटेला लावत होते, पण नकली ब्रँड खरा म्हणून विकला, हे स्क्रीनशॉटसकट लेखी अर्जात लिहिलं आणि भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम, म्हणजे आधीचं ४२०, याचा उल्लेख केला तेव्हा अर्जावर शिक्का मिळाला. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर पण तक्रार नोंदवली. शिक्क्याचा फोटो पाठवल्यावर माउथपीसचे अकरा हजार परत आले, सॅक्सचे नाहीत. त्याचं म्हणणं, सॅक्स तुम्ही वाजवून बघून घेतलाय. बिल नसल्यामुळे तिथं माझी बाजू लंगडी पडते, असं वकील मित्र म्हणतो. नोटीस गेलीये, बघू.

सॅक्स सध्या काकांकडेच आहे, निम्मे पॅड बदलून झालेत, खालचा सी यायला लागलाय, बी फ्लॅट अजून हट्ट धरून बसलाय. पुण्यात किंवा आसपास कोणी जुना पीस बघायला निघालं असेल तर रविवारी सांगा, मी एलईडीची पट्टी घेऊन सोबत येतो. आणि जाहिरातीत मेड इन जपान, दुबई, हार्डली यूज्ड हे तिन्ही शब्द एकत्र दिसले तर जायच्या आधी मला लोगोचा जवळून काढलेला फोटो पाठवा.