एका अर्थिंगच्या वायरीपायी १५,७५० रुपये

पंधरा हजार सातशे पन्नास. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो सांगायला मला चार दिवस लागले.

मंडप आणि जनरेटर भाड्याने देणं हा माझा धंदा. २००९ ची पिकअप आणि तिच्या मागे जनरेटरची दोन चाकी ट्रॉली. ट्रॉलीचे लाइट नीट लागेनासे झाले. पार्किंगचे लाइट मिणमिणायचे, ब्रेक दाबला की आणखी मंद व्हायचे, आणि डावा इंडिकेटर दिला की उजवीकडचा लाल दिवाही त्याच्याबरोबर लुकलुकायचा. मी वळतोय की थांबतोय हे रात्री मागच्याला कळणं शक्य नव्हतं. दोन दिवसांवर लग्नाची ऑर्डर. नेहमीचा वायरमन गावाला गेलेला, म्हणून हायवेच्या कडेच्या एका गॅरेजात गाडी घातली. उतरता उतरताच बोलून गेलो, "भाऊ, परवाच्या आत काहीही करून द्या." हे वाक्य कुठल्याच गॅरेजात तोंडातून काढू नका. तिथेच त्याला माझी नड कळली.

आता जे सांगतोय ते आठवलं की अजून रात्री झोप उडते. त्याने दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक लांब वायर घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला, दुसरा ट्रॉलीच्या चासीवर (लोखंडी सांगाड्यावर) एक उघडा नट होता त्याला. आणि ट्रॉलीचे सगळे लाइट लख्ख लागले. पार्किंग, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, सगळे. मी ओरडलोच, "लागले की!" त्याने लगेच चिमटा काढला आणि म्हणाला, "शेठ, हे डायरेक्ट लावलंय. असं चालवलंत तर गाडी पेट घेईल."

मी गप्प बसलो. तिथे एकच प्रश्न विचारायला हवा होता: मायनसची वायर लोखंडाला लावली तर त्यात डायरेक्ट काय आहे? गाडीची आणि ट्रॉलीची बॉडी मायनसच असते. त्या चिमट्याने त्याला दहा मिनिटांत कळलं होतं की ट्रॉलीची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वायर, गेली आहे, बाकी सगळं ठीक आहे. कळल्यावरही त्याने मला अख्खं वायरिंग विकलं. बाकीची बिलं मी एक वेळ विसरेन, हे नाही विसरणार.

दुसरी खूण फ्यूजची. वायरिंग आतून जळालंय असं तो सांगत होता आणि पुरावा म्हणून काळा पडलेला वायरीचा तुकडा दाखवत होता. पण माझा एकही फ्यूज उडाला नव्हता. वायर जळून बॉडीला टेकली तर आधी फ्यूज जातो. आणि तो तुकडा लाल होता, वर पांढरी रेघ. माझ्या ट्रॉलीत रेघवाली वायरच नाही, हे घरी येऊन पाहिलं. त्याच्या खणातला तुकडा असणार, गिऱ्हाइकागणिक तोच बाहेर निघत असणार.

इंजिन, टायर, डायनामो यातलं मला कळतं. जनरेटरचं फिल्टर-ऑइल स्वतः बदलतो. पण वायरिंग दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यात समोरच्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. यात माझा मूर्खपणा आहे असं कुणी म्हणू नये. डॉक्टरकडे गेल्यावर आपण विश्वासच ठेवतो ना?

त्याने लावलेले पैसे असे: हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) ६,८००, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच २,४००, मागचे एलईडी लाइट १,९००, रिले आणि फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) १,१५०, मजुरी ३,५००. ५,००० आधी यूपीआयने घेतले, १०,७५० रोख. फ्लॅशरचं तर ऐका. जुने इंडिकेटरचे बल्ब २१ वॅटचे. त्यांच्या जागी एलईडी लावले की करंट फार कमी ओढला जातो, जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने मारायला लागतो. म्हणजे एलईडी घालून दोष त्यानेच तयार केला आणि तो दोष काढायचे पैसेही माझ्याकडूनच घेतले.

लाइट लागले, ऑर्डर झाली. अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी परत तेच, ब्रेक दाबला की मंद. नवा हार्नेस, नवा स्विच, आणि जुनाच आजार!

तोवर नेहमीचे वायरमन मिस्त्री गावाहून परत आले होते. त्यांनी आधी लाइट चालू करायला लावले, मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी ट्रॉलीच्या चासीला टेकवली. ५.८ व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. म्हणजे बारा व्होल्टमधले जवळपास सहा वाटेतच मरत होते. परतीचा रस्ता नसला की करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून घुसून वाट काढतो, म्हणून एकाचा दिवा दुसऱ्यात दिसतो. मिस्त्री ड्रॉबारच्या (ट्रॉली ओढायच्या दांड्याच्या) मुळाशी वाकले आणि पान्याने एक बोल्ट खरवडला. निळा रंग पापुद्र्यासारखा सुटला, खाली गंज, आणि त्याखाली अर्थिंगच्या वायरीचं थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी. गेल्या वर्षी ट्रॉली रंगवली तेव्हा रंगाऱ्याने बोल्ट ढिला करून थिंबलच्या खालीवर रंग मारला होता. त्या गॅरेजवाल्याने हूकला नुसती एक उघडी वायर गुंडाळून ठेवली होती. ती अकरा दिवसांत ग्रीस आणि हादऱ्यांनी सुटली. मिस्त्रींनी नवं थिंबल दाबलं, जागा चकचकीत घासली, ट्रॉलीचे लाइट पिकअपला जोडणाऱ्या प्लगपासून स्वतंत्र वायर ओढली. सामान १४०, मजुरी २००. एकूण ३४० रुपये.

हूकच्या लोखंडातून अर्थिंग मिळेल या भरवशावर कधीही राहू नका. सात पिनांच्या गोल प्लगमध्ये तीन नंबरची पिन अर्थिंगची असते, प्रमाणित रंग पांढरा. ती वायर आहे का, कुठे बांधली आहे, एवढं आजच बघा.

त्या गॅरेजात परत गेलो तर तो म्हणाला, "नवीन सामान घातलंय, वाईट काय केलं?" जुना हार्नेस मागितला. भंगारात गेला म्हणे. काढलेलं सामान जागच्या जागी मागून घ्या. माझा पुरावाच भंगारात गेला.

पोलीस ठाण्यात अडीच तास बसवलं. मग एका साहेबांनी गॅरेजवाल्याची चिठ्ठी बघितली. वर नुसतं 'एस्टिमेट' लिहिलेलं, ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. "हा दिवाणी मामला आहे, गुन्हा होत नाही." मी म्हटलं, साहेब, खोटा तुकडा दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? ते म्हणाले, तुकडा आणा. तुकडा त्याच्या खणात आहे, मी कुठून आणू? तक्रार अर्ज दिला तर पोच द्यायलाही खळखळ. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर ते साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी, अर्ज सापडत नाही. ग्राहक तक्रारीच्या फोनवरची बाई म्हणाली, पक्कं बिल नाही आणि गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकात बसत नाही. मी फोन ठेवून दिला. चूक केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी माणूस जी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरतो, तिचा वापर व्यावसायिक धरला जात नाही. मला हे एका वकिलाने फुकट सांगितलं, ज्यांचं ते काम होतं त्यांनी नाही. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तीन खेटे, एक दिवसाचं बुडालेलं भाडं, आणि प्रत्येक टेबलावर मलाच विचारतात, तुम्ही पैसे दिलेच का?

पैसे यूपीआयने द्या. माझे ५,००० सिद्ध होतात, १०,७५० नाही. आणि दुसऱ्याच्या हातात गाडी देण्याआधी ट्रॉलीचा प्लग काढून पिकअपचे स्वतःचे मागचे लाइट बघा. ते नीट लागत असतील तर पिकअपच्या हार्नेसला आणि स्विचला हात लावू देऊ नका. माझे लागत होते. मग एक साधी वायर घेऊन बॅटरीचा मायनस ट्रॉलीच्या घासलेल्या लोखंडाला जोडा. लाइट उजळले तर तिथेच थांबा.

तक्रार लिहून झाली आहे, पुढच्या आठवड्यात दाखल करतोय. मिस्त्रींनी मीटरचा फोटो आणि हातचा लेखी रिपोर्ट दिला आहे, सही करून. रंगाचा पापुद्रा लागलेला तो बोल्ट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे.