क्ष धरायचा की भाग करायचे?

एका मिश्रणात दूध आणि पाणी ४:१ या प्रमाणात आहे. त्यात १० लिटर पाणी घातल्यावर ते प्रमाण ३:२ झालं. तर सुरुवातीला मिश्रण किती लिटर होतं? पर्याय: ६, २४, ३०, ४०.

हे उदाहरण मी एका रविवारच्या सराव परीक्षेत चुकवलं. येत नव्हतं म्हणून नाही. समीकरण बरोबर मांडलं होतं: पाणी क्ष, दूध ४क्ष, मग ४क्ष आणि (क्ष + १०) यांचं गुणोत्तर ३:२. तिरका गुणाकार केला, ८क्ष = ३क्ष + ३०, क्ष = ६. दूध चौपट, म्हणजे २४. पर्यायांत २४ दिसलं आणि त्यावर खूण करून पुढच्या प्रश्नावर गेलो.

संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत उत्तरं ताडून पाहताना त्या चार पर्यायांकडे नीट पाहिलं. ६ म्हणजे सुरुवातीचं पाणी, २४ म्हणजे दूध, ३० म्हणजे सुरुवातीचं मिश्रण, ४० म्हणजे शेवटचं मिश्रण. चारही आकडे त्याच उदाहरणातले आणि चारही खरे, पण विचारलेला त्यातला एकच. प्रश्न काढणाऱ्याला आपण कुठे थांबणार हे नेमकं ठाऊक होतं.

गुणोत्तर आणि सरासरीची उदाहरणं शाळेतल्या समीकरणाने सोडवायची की भाग पाडून, या प्रश्नाशी अडलेल्यांसाठी हे लिहितो आहे. माझी भाची सध्या नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून बँकेची तयारी करते आहे. गेल्या महिन्यात तिने मला सरळच विचारलं, "मामा, एक काय ते सांग. दोन्ही करत बसले की दोन्हीत गोंधळ होतो." तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो. मी दोन वर्षं समीकरणं केली, मग भागांकडे वळलो. दोन्ही रीती गणिताच्या दृष्टीने एकच आहेत, त्यामुळे कुठलीही घेतलीत तरी चूक नाही, हे आधीच सांगतो.

आता वरचंच उदाहरण भागांनी. पाणी घातलं, दूध तेवढंच राहिलं. म्हणून दोन्ही गुणोत्तरांत दुधाचे भाग सारखे करून घ्यायचे. ४:१ म्हणजे १२:३, आणि ३:२ म्हणजे १२:८. पाणी ३ भागांवरून ८ भागांवर गेलं, ५ भाग वाढले, ते १० लिटर. एक भाग २ लिटर. सुरुवातीचं मिश्रण १२ + ३ = १५ भाग, म्हणजे ३० लिटर.

माझ्यासाठी इथेच निकाल लागला. समीकरणाची शेवटची पायरी 'क्ष = ६' ही असते, आणि ती लिहिली की काम संपल्यासारखं वाटतं. विचारलेली गोष्ट क्ष नाही, हे त्यानंतर पुन्हा आठवावं लागतं, आणि तेही अशा क्षणी जेव्हा मन पुढच्या प्रश्नाकडे धावलेलं असतं. भागांत मात्र 'सुरुवातीचं मिश्रण १५ भाग' हे भागाची किंमत कळण्याआधीच कागदावर उतरलेलं असतं. शेवटचा गुणाकार करतानाच विचारलेलं उत्तर हाती येतं. माझी चुकांची एक वही होती. समीकरणांच्या काळातली तिची पानं चाळली तर 'रीत बरोबर, उत्तर दुसऱ्याच राशीचं' हा शेरा जवळपास दर रविवारी दिसतो. भागांकडे वळल्यावर तो विरळ होत गेला. हा माझा एकट्याचा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

यावर कोणी म्हणेल, मग विचारलेल्या राशीलाच क्ष धरा. धरता येतो. मिश्रण क्ष धरलं तर दूध ४क्ष/५, पाणी क्ष/५, त्यात १० मिळवायचे आणि मग गुणोत्तर. उत्तर बरोबरच येतं, पण पहिल्या ओळीपासून अपूर्णांक अंगावर येतात. हात बसलेला असेल तर जमतं. मला ते घाईत कधी निभावलं नाही.

भागांची किल्ली एकच: काय बदललं नाही ते शोधा. पाणी घातलं तर दूध बदलत नाही. एकाने दुसऱ्याला पैसे दिले तर दोघांची मिळून बेरीज बदलत नाही. वयांच्या उदाहरणात बापलेकांमधला फरक बदलत नाही. आज ७:३ आणि ६ वर्षांपूर्वी ३:१ असेल, तर पहिल्यात फरक ४ भागांचा आणि दुसऱ्यात २ भागांचा. फरक एकच असायला हवा, म्हणून ३:१ चं ६:२ करा. ७ वरून ६, ३ वरून २. दोघांचाही एकेक भाग कमी झाला, तो ६ वर्षांचा. बाप ४२, मुलगा १८. हे तोंडी होतं. नवशिके घसरतात ते इथेच: गुणोत्तरं एका पातळीवर न आणता पहिल्यातला भाग आणि दुसऱ्यातला भाग सारखाच समजतात. ७:३ मधला एक भाग आणि ३:१ मधला एक भाग यांची किंमत वेगळी आहे, हे एकदा पक्कं बसलं की पुढे अडत नाही.

पण प्रत्येक वेळी न बदललेलं काही सापडतंच असं नाही. पगार-खर्चाचं नेहमीचं उदाहरण घ्या. पगार ५:४, खर्च ३:२, दोघांची शिल्लक प्रत्येकी १२,०००. शिल्लक सारखी, म्हणून पगारातला फरक आणि खर्चातला फरक सारखा. दोन्हीकडे तो एक भाग. म्हणजे भाग एकाच मापाचे, ५ वजा ३ हे २ भाग १२,००० चे, आणि पगार ३०,००० व २४,०००. पाच-सात सेकंदांचं काम. आता तेच गुणोत्तर ठेवून शिल्लक ११,००० आणि १०,००० करा. भागांची मापं वेगळी झाली. इथे मी मुकाट्याने ५क्ष − ३य = ११,००० आणि ४क्ष − २य = १०,००० लिहितो. क्ष ४,०००, य ३,०००, पगार २०,००० व १६,०००. ओढूनताणून भाग करत बसण्यात अर्थ नसतो.

समीकरणाच्या बाजूने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'दिलेली विधानं उत्तरासाठी पुरेशी आहेत का' या धाटणीच्या प्रश्नांत उत्तर काढायचंच नसतं. अज्ञात राशी किती, स्वतंत्र समीकरणं किती, एवढंच मोजायचं असतं. तिथे क्ष-य ची सवय असलेला माणूस पुढे राहतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतल्या सीसॅट या दुसऱ्या पेपरात असे प्रश्न येतात. शिवाय तिथे २ तासांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट, आणि २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांपुरता पात्रतेचा. फक्त तेवढंच ध्येय असेल आणि समीकरणावर तुमचा हात स्वच्छ असेल, तर रीत बदलण्याचा खटाटोप करू नका असंच मी म्हणेन. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क पूर्वपरीक्षेत मात्र अंकगणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३४ सेकंद, आणि चुकीला पाव हिस्सा वजा. तिथे दोन चलांची समीकरणं फार महाग पडतात.

सरासरीत तर मला निवडच उरली नाही. एका फलंदाजाची ३४ डावांची सरासरी ४६.५ आहे, ३५व्या डावानंतर ती ४८ झाली, तर त्या डावात धावा किती? एकुणाच्या रीतीने ३४ गुणिले ४६.५, म्हणजे १५८१, ३५ गुणिले ४८, म्हणजे १६८०, वजाबाकी ९९. दोन मोठे गुणाकार, तेही कॅल्क्युलेटरशिवाय, रफ कागदाच्या कोपऱ्यात. मी सरासरी ही पंगत समजतो, सगळ्यांच्या पानात सारखं वाढलेली. उशिरा आलेला आपल्या पानातले ४८ घेऊन येतो, शिवाय आधी बसलेल्या ३४ जणांच्या पानात दीड-दीड वाढतो. ३४ चे दीडपट ५१, अधिक ४८, झाले ९९. सरासरी उतरली असेल तर बाकीच्यांनी आपापल्या पानातलं काढून त्याला द्यायचं, एवढाच फरक. एकाच्या जागी दुसरा आला तर पानं तेवढीच राहतात: ८ जणांत ६५ किलोच्या माणसाऐवजी नवा आला आणि सरासरी अडीच किलोने वाढली, तर नवा ६५ + २० = ८५ किलोचा.

ही काही क्लासवाल्यांची क्लृप्ती नाही. दहावीच्या सांख्यिकीत आपण गृहीतमध्य पद्धत शिकलो, तीच आहे. तिथे ती तक्त्यात अडकून राहते आणि परीक्षा झाली की विसरली जाते, याचं मला वाईट वाटतं.

दोन प्रतींच्या मिश्रणाची तिरकी मांडणीही त्याच कुळातली. ४८ रुपये किलोचा आणि ६६ रुपये किलोचा इंद्रायणी मिसळून ५४ चा करायचा आहे. स्वस्त तांदूळ ६ ने खाली, महाग १२ ने वर. तोल सांभाळायला स्वस्त जास्त लागणार, म्हणून २:१. फरक उलटे लिहायचे, ही एवढीच काळजी. विसर पडला तर मधली किंमत कुणाच्या जवळ आहे ते पाहा. ज्याच्या जवळ, तो जास्त.

जिथे आकडाच दिलेला नसतो तिथे मी सोयीचा आकडा धरतो. जाताना ताशी ६० किलोमीटर, येताना ४०, तर पूर्ण प्रवासाची सरासरी? अंतर १२० धरा. जायला २ तास, यायला ३, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे ४८. (५० हा पर्याय समोर असतोच.) भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत याला इष्टकर्म म्हटलं आहे: मनाला येईल ती संख्या घ्या, सांगितलेल्या क्रिया करा, आणि आलेल्या उत्तरावरून त्रैराशिकाने खरी संख्या गाठा. वेगवेगळ्या वर्णांचं, म्हणजे कसाचं, सोनं एकत्र वितळवलं तर वर्ण किती येईल, हे भारित सरासरीचं गणितही त्यांच्या सुवर्णगणितात आहे. आपल्याकडे ही रीत इतकी जुनी असून मुलांना ती परकी वाटते.

प्रत्येक प्रकाराचं वेगळं सूत्र पाठ करणं हा तिसरा मार्ग मी मुद्दामच बाजूला ठेवला. प्रश्नाचा एक शब्द फिरला की सूत्र गळून पडतं.

भाचीला मी एवढंच करायला लावलं: उदाहरण वाचलं की रफ कागदावर आधी विचारलेली राशी किती भागांची ते लिही आणि त्याभोवती गोल कर. बाकीचं नंतर. सुरुवातीला तिला ते वेळखाऊ वाटलं. पंधरा दिवस तिने दोन्ही रीतींनी सोडवून पाहिलं आणि वहीत दोन रकाने केले. परवा ती वही घेऊन आली. डाव्या रकान्यात समीकरणं अजून आहेत, पण आता त्याच उदाहरणांपुरती, जिथे तिला न बदललेलं काही सापडत नाही. बाकी पानभर गोलच गोल आहेत.