ज्युरी ड्यूटी चुकवल्याचं ‘वॉरंट’ आणि माझे सोळाशे डॉलर

अमेरिकेत राहणाऱ्या, नुकतंच नागरिकत्व घेतलेल्या आणि सरकारी कागद दिसला की छातीत धस्स होणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. ग्रीन कार्डावर मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांसाठी तर नक्कीच. ‘तुम्ही ज्युरी ड्यूटी चुकवलीत, अटक टाळायची तर पैसे भरा’ असा फोन करून फसवण्याचा हा प्रकार नवा नाही. इथल्या बहुतेक कोर्टांच्या वेबसाइटवर त्याबद्दल सावध केलेलं असतं. पण काम पडल्याशिवाय कोर्टाच्या वेबसाइटवर जातं कोण?

आम्ही सनीव्हेलला राहतो, म्हणजे कॅलिफोर्नियातली सांता क्लारा काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी). नागरिकत्वाची शपथ झाली आणि काही महिन्यांत माझ्या नावाने ज्युरीचं समन्स आलं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात बसायचं कोर्टाचं बोलावणं. ही नावं मतदारयादीतून, ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून आणि २०२२ पासून राज्याचा कर भरणाऱ्यांच्या यादीतूनही काढतात. नेमकं तेव्हाच नाशिकला भाच्याचं लग्न होतं, म्हणून मी ऑनलाइन जाऊन तारीख पुढे ढकलून घेतली. हे सगळं अगदी रीतसर होतं. पण ‘ज्युरीचं आपलं काहीतरी राहिलंय’ एवढी कुसळ मनात राहिली होती. फोन करणाऱ्याला ती माहीत असायची गरजच नव्हती. शेकड्यांनी फोन लावले की कुणाचं ना कुणाचं असं काहीतरी अर्धवट राहिलेलं सापडतंच.

दुसरं असं, की आपल्याला ज्युरी म्हणजे काय हेच अनुभवाने ठाऊक नसतं. आपल्या ऐकण्यातली ज्युरी म्हणजे नानावटी खटल्यातली. १९५९ साली मुंबईत आठ विरुद्ध एक अशा मताने तिने खुनाच्या आरोपातून नौदल अधिकारी नानावटींना निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाने तो निकाल फिरवला. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. त्यामुळे माझ्या पिढीतल्या कुणाच्याही बाबांना किंवा काकांना असं बोलावणं आलेलं नाही. बोलावणं कसं येतं, गेलं नाही तर काय होतं, दंड किती, सगळी पाटी कोरी. त्यात ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे दुधाबरोबर पाजलेलं. या कोऱ्या पाटीवर समोरचा हवं ते लिहू शकतो.

फोन आला शुक्रवारी सकाळी. स्क्रीनवर शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसचं नाव होतं. (असं नाव आणि नंबर खोटा दाखवता येतो. आता हे सगळ्यांना माहीत आहे म्हणतात, पण स्क्रीनवर नाव दिसलं की हात फोनकडे जातोच.) माणूस ओरडला नाही. शांत, थोडा कंटाळलेला, खरा सरकारी आवाज. पाठीमागे वायरलेसची खरखर. नाव सांगितलं, बॅज नंबर सांगितला, वर ‘लिहून घ्या मॅम’ म्हणाला. त्या नावाचा अधिकारी खरोखरच आहे, हे पुढे कळलं.

म्हणणं असं, की मला फेडरल (केंद्रीय कोर्टाच्या) ग्रँड ज्युरीसाठी, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या ज्युरीसाठी, बोलावलं होतं, रजिस्टर पत्र आमच्या घरी सही करून घेतलं गेलं, आणि मी हजर राहिले नाही. न्यायाधीशांनी दोन वॉरंट काढलीत. एक गैरहजेरीचं, एक कोर्टाच्या अवमानाचं. मी म्हटलं, मी कुठल्याही पत्रावर सही केलेली नाही.

“मग उत्तमच आहे, मॅम. हे तुमच्याच बाजूचं आहे. इथे येऊन सहीचा नमुना द्या. आमचा हस्ताक्षरतज्ज्ञ ताडून बघेल. जुळली नाही, तर प्रकरण मिटलं.”

“मग मी आत्ताच येते.”

“या ना. पण वॉरंट चालू आहे. तुम्ही दारातून आत आलात की बेड्या मलाच घालाव्या लागतील, आणि आज शुक्रवार. न्यायाधीश आता सोमवारी भेटणार.”

सगळी मेख इथे आहे. शेरीफच्या ऑफिसात जाऊन विचारणं हा खरं शोधायचा सरळ रस्ता, आणि तोच त्याने भीती घालून बंद केला. तेही ‘या ना’ म्हणत. त्यानंतर तोडगा काढला तो अर्थात त्यानेच. दोन्ही वॉरंटचा मिळून साडेचार हजार डॉलर बाँड (जामिनाची रक्कम) आधी भरायचा, मग येऊन सही द्यायची, आणि सही जुळली नाही की पैसे चेकने परत.

न्यायाधीशांचा तोंडबंदीचा हुकूम आहे, म्हणाला. नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. फोन ठेवला तर फरार समजणार. त्यामुळे पुढचा सगळा वेळ तो माणूस माझ्या कानात होता. कारमध्ये, बँकेत, पेट्रोल पंपावर. विचार करायला जी दोन मिनिटांची शांतता लागते तीच त्याने मिळू दिली नाही. मी जरा गप्प झाले की तो काहीतरी विचारायचा. मुलं किती, ट्रॅफिक कसा आहे, पाणी प्यायलात का.

वॉरंटची पीडीएफ आली. गरुडाचा शिक्का, न्यायाधीशांचं नाव, केस नंबर, माझा पत्ता. माझं नाव मात्र तिथे नवऱ्याच्या नावासकट होतं. लायसन्सवर आणि मतदारयादीत ते तसं नाही. या देशात माझं नाव तसं फक्त एकाच ठिकाणी आहे, घराच्या खरेदीखतावर, आणि ते कागद कुणालाही बघता येतात. कोर्टाने माझं नाव लायसन्सच्या यादीतून उचललं असतं तर ते तसं आलंच नसतं. हे मला दुसऱ्या दिवशी, चहा गाळताना सुचलं. त्या क्षणी मला दिसला तो फक्त गरुड.

बँकेत रोख काढताना काउंटरवरच्या मुलीने सौम्यपणे विचारलं, एवढी रोख कशासाठी? उत्तर कानात आधीच मिळालेलं होतं: घराचं काम काढलंय, कॉन्ट्रॅक्टरला द्यायचेत. तिने पैशाबरोबर एक छापील पत्रकही दिलं. ते पर्समध्ये गेलं ते तसंच, घडी न मोडता.

‘सरकारी बाँड किऑस्क’ होतं एका पेट्रोल पंपाच्या दुकानात, बर्फाच्या पिशव्यांचा फ्रीझर आणि लॉटरीचं मशीन यांच्या मध्ये. ते बिटकॉइनचं मशीन आहे (रोख आत घालायची, तेवढं हे डिजिटल चलन सांगितलेल्या वॉलेटवर, म्हणजे खात्यावर जातं) हे त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी विचारलंही. त्याच्याकडे उत्तर तयार: “कोर्टाने खासगी कंपनीला कंत्राट दिलंय, मॅम.” सरकार सगळ्याचंच कंत्राट देतं हे आपण दोन्ही देशांत बघितलेलं, त्यामुळे पटलं. त्याने मेसेजवर क्यूआर कोड पाठवला, तो मशीनला दाखवायचा. स्क्रीनवर प्रश्न आला: कुणी फोनवरून तुम्हाला हे करायला सांगतंय का? हे वॉलेट तुमचं स्वतःचं आहे का? मी बटण दाबायच्या आधीच कानात आवाज: “पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो.” पडद्यावर पुढे काय येणार ते त्याला माझ्याआधी माहीत होतं.

हजार डॉलर गेल्यावर मशीनने पुढचे घ्यायला नकार दिला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून कायदाच आहे, की अशा मशीनच्या एका कंपनीला एका गिऱ्हाइकाकडून दिवसाला हजार डॉलरच्या वर व्यवहार करता येत नाही. नेमका याच फसवणुकीला आळा बसावा म्हणून केलेला. पण मर्यादा आहे कंपनीमागे. म्हणून तो शांतपणे म्हणाला, आता दुसऱ्या किऑस्कवर जाऊ, पत्ता पाठवतो. तो पत्ता दुसऱ्या कंपनीच्या मशीनचा होता. या चोरांकडे गावागावातल्या मशीनच्या याद्या असतात, कंपनीवार. जिथे अशी मर्यादा नाही तिथे एकाच ठिकाणी उभं राहून माणसं आयुष्याची पुंजी घालून येतात. त्या मानाने माझ्यावर कायद्याची मेहेरबानीच म्हणायची.

दुसरं मशीन दारूच्या दुकानात. एरवी मी तिथे पाऊल टाकलं नसतं. काउंटरवर पगडीवाले एक सरदारजी होते. मी नोटा एकेक करून आत सरकवत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. शेवटी जवळ आले आणि हळूच म्हणाले, “बहनजी, फोन पे शेरीफ है ना?”

मी काही बोलले नाही. तोंडबंदीचा हुकूम होता ना!

“ज्युरी ड्यूटी? के बिजली का बिल?”

हे ऐकल्यावर माझा हात थांबला. तोवर सहाशे गेले होते. कानातल्या माणसाने विचारलं, कोण बोलतंय तिथे? सरदारजींनी हात पुढे केला, मी फोन त्यांच्या हातात दिला. ते एवढंच म्हणाले, “ऑफिसर, पत्ता सांगा, मीच आणून सोडतो यांना.” पलीकडून एक शिवी आली आणि फोन बंद. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि नवऱ्याला फोन लावायला लावला.

आता खरा कायदा काय तो वाचा, म्हणजे साडेचार हजारांचा आकडा किती हवेतला होता ते कळेल. कॅलिफोर्नियात समन्सला उत्तर दिलं नाही तर कोर्ट पुन्हा पत्रच पाठवतं. तरी दुर्लक्ष केलं, तर हजर होऊन कारण सांगा असा आदेश निघू शकतो. त्या सुनावणीनंतर पहिल्या वेळी जास्तीत जास्त २५० डॉलर दंड, दुसऱ्या वेळी ७५०, पुढे १,५००. तो दंड कोर्टात भरायचा. फोनवर कुणी घेत नाही, आणि बिटकॉइन, गिफ्ट कार्ड किंवा झेलने (बँक खात्यातून पैसे पाठवायची इथली सोय) तर नाहीच. ज्युरीवर बसायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. लायसन्सच्या यादीमुळे ग्रीन कार्डवाल्यांनाही कधीकधी समन्स येतं, तेव्हा फॉर्मवर ‘नागरिक नाही’ एवढं भरून परत पाठवायचं. ग्रीन कार्डावरच्या तुमच्या सासूबाईंना कुणी ‘ज्युरी चुकवलीत’ म्हणून अटकेची धमकी दिली, तर त्या ज्युरीवर बसूच शकत नव्हत्या हे त्यांना आजच सांगून ठेवा. शंका आलीच तर फोन ठेवून, काउंटीच्या वेबसाइटवरून ज्युरी कमिशनरच्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून लावायचा. फोन करणाऱ्याने दिलेला नंबर लावू नका. तिथे त्याचाच दुसरा माणूस बसलेला असतो.

पोलिसांत तक्रार दिली, एफटीसी (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी केंद्रीय संस्था) आणि एफबीआयच्या संकेतस्थळांवरही भरली. पावत्या, क्यूआर कोड, मेसेज सगळं जोडलं, म्हणून जपून ठेवा, रागाच्या भरात पुसू नका. पैसे परत आलेले नाहीत. बिटकॉइन एकदा दुसऱ्याच्या वॉलेटवर गेलं की बँकेसारखा व्यवहार उलटा फिरवता येत नाही. वर मशीनवाल्याचा आकार वेगळा. इथे तो शेकडा पंधरापर्यंत घेता येतो. तो कायदेशीर, म्हणून त्याची तक्रार कुणाकडे करणार?

नाशिकला दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, हे तर आपल्याकडचं डिजिटल अरेस्टच की. खरं आहे. तिकडे व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून बसतात, पार्सलात ड्रग्ज सापडले म्हणतात, आणि फोन न ठेवण्याची, घरच्यांना न सांगण्याची अट तीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये त्यावर बोलावं लागलं होतं. तिकडे असं झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. पैसे बँकेतून गेलेले असतील तर जितकं लवकर कळवाल तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि हो, माझी खरी ज्युरी ड्यूटीही पुढे आलीच. पत्रात गट क्रमांक होता, आदल्या संध्याकाळी पाचनंतर वेबसाइटवर बघायचं की आपल्या गटाला बोलावलंय का. बोलावलं होतं. मोठ्या हॉलमध्ये बसवलं, एक माहितीपट दाखवला, मग नुसतं बसून राहायचं. कुणी दरडावलं नाही, कुणाला घाई नव्हती. शेजारचे गृहस्थ तर चक्क घोरत होते. दुपारी कोर्टरूममध्ये नेलं. निवड करताना न्यायाधीशांनी विचारलं, तुमच्यापैकी कुणी गुन्ह्याला बळी पडलंय का? मी हात वर केला आणि काय झालं ते सांगितलं. कोपऱ्यात बेलिफ म्हणून, म्हणजे कोर्टरूमच्या बंदोबस्ताला, शेरीफचा खराखुरा डेप्युटी उभा होता, त्याने कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, या अनुभवानंतरही तुम्ही निःपक्षपातीपणे निर्णय देऊ शकाल का? मी म्हटलं, हो. आरोपीच्या वकिलाचा विश्वास बसला नसावा, त्याने मला वगळलं. इथे पहिल्या दिवसाचं मानधन नसतं, दुसऱ्या दिवसापासून पंधरा डॉलर. म्हणजे ज्युरीच्या खात्यात माझी एकूण जमा शून्य, खर्च सोळाशे.

यानंतरची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एकदा पैसे दिलेल्या माणसाचा नंबर विकला जातो. मलाही महिनाभरातच फोन आला, एका बाईचा, अतिशय गोड बोलणारी. ‘तुमचे बिटकॉइन आमच्या खात्याने जप्त केलेत, परत मिळवायला फक्त तीनशे डॉलर प्रोसेसिंग फी भरा.’ माझी गेलेली रक्कम तिला डॉलरपर्यंत बरोबर माहीत होती. ती चोरांखेरीज फक्त आम्हाला, सरदारजींना आणि तक्रार घेणाऱ्यांना माहीत होती. तुमचेही पैसे असे गेले असतील, तर हा दुसरा फोन येणार हे धरून चाला, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोन काही दिवस तुम्हीच उचला.