सोऱ्याची लिंक कुठे ठेवायची: इंदूरमधून वापरलेले ॲमेझॉन असोसिएट्स

इंदूरच्या रामबागेत राहून मी मराठी स्वयंपाकघरातल्या भांड्यांविषयी लिहिते. पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, करंजीचे कातणे ही भांडी आम्हाला राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात हाताळून, वजन बघून घेता येतात. नोकरीनिमित्त रायपूरला किंवा गुडगावला गेलेल्या मराठी घरांना मात्र ती सहजासहजी मिळत नाहीत. कित्येकदा दुकानदाराला नुसत्या नावावरून वस्तू समजतही नाही. अशा वाचकांसाठी मी लेखात ॲमेझॉनच्या लिंक देते आणि त्यांवरून खरेदी झाली की मला कमिशन मिळते. या व्यवहारासाठी मी ॲमेझॉन असोसिएट्स ही सेवा दोन वर्षे वापरते आहे. वाचक लिंकवर क्लिक करतो तो कशामुळे, आणि ते समजून घ्यायला ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने तिच्याविषयी लिहीत आहे.

सेवेत नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. नोंदणीनंतर 180 दिवसांत पात्र ठरणाऱ्या तीन विक्री झाल्या नाहीत, तर खाते बंद होते. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी त्यात धरली जात नाही. कमिशनचा दर वस्तूच्या वर्गानुसार बदलतो. संगणकावर आपल्या खात्यातून ॲमेझॉन उघडले की वरच्या बाजूला साइटस्ट्राइप नावाची पट्टी दिसते आणि तिथून कोणत्याही वस्तूची लिंक मिनिटभरात तयार होते. इतकी सोय असल्यामुळे आरंभी मी प्रत्येक लेखात दहा-बारा लिंक पेरत असे, आणि तरीही क्लिक जेमतेमच होत.

चूक कुठे होती ते मला सेवेच्या क्लिक-ऑर्डर दाखवणाऱ्या रिपोर्टवरून उमगले नाही, शेजारच्या काकूंमुळे उमगले. दिवाळीच्या आधी एका दुपारी त्या माझ्या ओट्यापाशी बसून फोनवर माझा सोऱ्याचा लेख वाचत होत्या. लेखात मी पितळी आणि स्टीलच्या सोऱ्याची तुलना केली होती. पितळी सोऱ्या जड असतो, त्याचा दांडा फिरवायला मनगटात जोर लागतो, पण पीठ एकसारख्या दाबाने खाली येते आणि चकलीला काटे नीट पडतात. स्टीलचा हलका पडतो, धुवायला सोपा जातो, मात्र पीठ घट्ट झाले की हातात फिरू लागतो. काकू नेमक्या काट्यांच्या वाक्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘हाच हवा मला.’’ त्यानंतर त्यांचा अंगठा खाली सरकत गेला. पुढे धुण्याविषयी दोन परिच्छेद होते, मग साच्याच्या चकत्यांविषयी एक, आणि अगदी तळाशी ‘खरेदीसाठी इथे’ असे लिहून ‘इथे’ या दोन अक्षरांवर मी लिंक दिली होती, तीही फिकट निळ्या रंगात. काकू तिच्यावरून दोनदा पुढे गेल्या. तिसऱ्यांदा लिंक दिसली तेव्हा त्यांचे बोट शेजारच्या ओळीवर पडले आणि काहीच उघडले नाही. ‘‘अगं, मिळतो कुठे हे लिहिलंच नाहीस तू,’’ असे म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

त्याच रात्री मी तो लेख बदलला. काट्यांच्या वाक्याखाली एक स्वतंत्र ओळ घेतली आणि त्या पूर्ण ओळीवर लिंक दिली: ‘हा पितळी सोऱ्या ॲमेझॉनवर पाहा’. ओळ अशी ठेवली की चष्मा नसतानाही वाचता यावी आणि जाड बोटालाही सापडावी. बाकीच्या दहा लिंकपैकी आठ काढून टाकल्या, कारण त्या वस्तू मी स्वतः वापरलेल्याच नव्हत्या.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण मला इथे कळला. एकाच खात्यात अनेक ट्रॅकिंग आयडी, म्हणजे लिंकला जोडायच्या ओळखखुणा, तयार करता येतात. भारतातल्या आयडीच्या शेवटी ‘-21’ असते. मी लेखाच्या मधल्या लिंकला एक आयडी दिला आणि शेवटच्या लिंकला दुसरा. रिपोर्टमध्ये प्रत्येक आयडीचे क्लिक आणि ऑर्डर वेगळे दिसतात, त्यामुळे लेखातल्या कोणत्या जागी वाचकाचे मन ठरते याचा अंदाज बांधण्याची गरज उरत नाही. पहिल्याच दिवाळीत मधल्या लिंकने शेवटच्या लिंकला क्लिकमध्येही मागे टाकले आणि ऑर्डरमध्येही. मोदकपात्राच्या लेखात मात्र उलट घडले. तिथे वाचकाला शेवटपर्यंत आकाराचा प्रश्न असतो, एका वेळी किती मोदक मावतील हे कळल्याखेरीज तो हलत नाही, आणि ती माहिती मी शेवटी दिली होती. मी लिंक हलवली नाही, आकाराची माहितीच वर आणली.

क्लिक वाढवण्याचा एक वेगळा उपायही मी याआधी करून पाहिला होता. एका कंपनीकडून वर्षभराचे पैसे भरून एक साधन घेतले होते. ते वाचकाबरोबर पडद्यावर सरकत राहणारे केशरी बटण दाखवत असे आणि ‘ऑफर संपायला इतकी मिनिटे’ असे उलटे घड्याळ लावत असे. क्लिक खरोखरच वाढले. ऑर्डर मात्र वाढल्या नाहीत, कारण बरेचसे क्लिक बोट चुकून पडलेले होते. ग्वाल्हेरच्या एका वाचक ताईंनी मला सरळ लिहिले की घड्याळ खोटे आहे, पान पुन्हा उघडले की ते पुन्हा पहिल्यापासून चालू होते. त्यांचे म्हणणे खरे होते आणि मला त्याचे फार वाईट वाटले. मी ते साधन त्याच दिवशी काढले. पैसे परत मिळाले नाहीत.

त्या ताईंमुळे मी खुलाशाच्या वाक्याकडेही नव्याने पाहिले. असोसिएट्सच्या नियमांनुसार आपण पात्र खरेदीतून कमाई करतो हे वाचकाला स्पष्ट सांगावेच लागते. आपल्याकडे भारतीय जाहिरात मानक परिषदेची या विषयीची मार्गदर्शक तत्त्वे 2021 पासून लागू आहेत, आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या सूचनांतही असा खुलासा सोप्या शब्दांत आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत असावा असे म्हटले आहे. माझा खुलासा तोवर तळाशी, इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत होता. आता तो लेखाच्या आरंभी मराठीत आहे: ‘या लेखातल्या लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत, तर मला कमिशन मिळते, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत. ज्या वस्तूंची लिंक दिली आहे त्या मी स्वतः वापरल्या आहेत.’ हे वाचून लोक क्लिक करायचे थांबतील अशी मला भीती होती. तसे झाले नाही. उलट कोणता सोऱ्या मी आजही वापरते हे विचारणारे निरोप येऊ लागले. तांत्रिक बाजूला अशा लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ ही, म्हणजे लिंकमागे कमाई आहे हे सर्च इंजिनला सांगणारी खूण लावावी, ती गूगलने 2019 मध्ये सुरू केली आहे.

छायाचित्रांच्या बाबतीत सेवेने हात आखडता घेतला आहे. साइटस्ट्राइपमधून चित्रासह लिंक घेण्याची सोय 31 डिसेंबर 2023 रोजी बंद झाली, आणि ॲमेझॉनवरचे चित्र उतरवून आपल्या पानावर लावता येत नाही. ॲमेझॉनच्या एपीआयमधून, म्हणजे वेबसाइटला थेट त्यांची माहिती पुरवणाऱ्या जोडणीतून, चित्रे आणि किमती घेता येतात, पण त्यासाठी आधी विक्री झालेली असावी लागते. नव्याने लिहिणाऱ्याला ही अडचण जाचक वाटेल. मी माझ्याच ओट्यावर, खिडकीच्या उजेडात फोटो काढू लागले. सोऱ्याच्या तोंडातून अर्धी बाहेर आलेली चकली, तिच्या काठावरचे काटे आणि दांड्याला लागलेले पीठ या एका फोटोखालची लिंक आज माझ्या सगळ्या लेखांत सर्वाधिक दाबली जाते. किंमतही मी लिहीत नाही, कारण ती दिवसागणिक बदलते आणि हाताने लिहिलेली किंमत नियमांतही बसत नाही.

आता सेवेची खरी मर्यादा. लिंक दाबल्यापासून 24 तासांत वस्तू घेतली, तरच कमिशन मिळते. त्या अवधीत ती कार्टमध्ये ठेवली असेल, तर ऑर्डरसाठी साधारण 90 दिवसांची मुदत असते. आपल्या घरांत पितळी भांडे एका बसणीत घेतले जात नाही. सूनबाई लेख वाचतात, संध्याकाळी सासूबाईंना दाखवतात, रविवारी मुलगा स्वतःच्या फोनवर नाव शोधून ऑर्डर देतो, आणि माझ्या लिंकचा त्या खरेदीशी संबंध उरत नाही. यावर मी वाचकांना घाई करत नाही. बक्षीस किंवा परताव्याचे आमिष दाखवून क्लिक मागणे नियमांत बसत नाही, आणि मला ते पटतही नाही. माझ्या हातात एवढेच आहे की वजन, उंची, सोबत येणाऱ्या चकत्या, चिंचेने घासल्यावर येणारी झळाळी, असे घरात जे जे विचारले जाईल त्याचे उत्तर लिंकच्या आधीच द्यायचे, म्हणजे फोन त्याच वेळी सासूबाईंच्या हातात देता येतो. हा बदल केल्यापासून क्लिक आणि ऑर्डर यांमधले अंतर कमी झाले आहे.

पैसे महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी येतात आणि परत केलेल्या वस्तूंचे कमिशन वजा होते, म्हणून ऑक्टोबरातल्या फराळाच्या खरेदीची रक्कम डिसेंबरच्या अखेरीपर्यंत हाती येत नाही. त्या भरवशावर दिवाळीचा खर्च करू नये. ज्यांनी वस्तू स्वतः वापरली आहे आणि जे थोडे पण नेमके लिहितात, त्यांना मी ही सेवा मनापासून सुचवेन. दिवसाला पाच लेख काढून लिंकची रास लावणाऱ्यांना तिचा रिपोर्ट फारसे काही शिकवणार नाही.

होळीच्या आधी पुरणयंत्राचा लेख पुन्हा लिहायचा आहे. त्यासाठी तिसरा आयडी घेतला आहे. जाळीची भोके बारीक असली तर पुरण किती वेळा फिरवावे लागते, हे वाक्य संपते तिथेच लिंक असेल, आणि प्रकाशित करण्याआधी फोन काकूंच्या हातात देणार आहे.