शेकरूचा डोळा आणि जीमिकचे आठ महिने

फेब्रुवारीत लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलावा लागला आणि माझं सात हजारांचं ऑइल पेंटिंगचं प्लगइन, म्हणजे जंगलातल्या माझ्या फोटोंना तैलचित्राचं रूप देणारं जोड-सॉफ्टवेअर, त्याच दिवशी बंद पडलं. लायसन्स जुन्या मशीनशी बांधलेलं. अकरा ईमेल झाल्या, शेवटचं उत्तर आलं: नवीन घ्या. एकदा मोजलेले पैसे पुन्हा मोजणं मला जमणार नव्हतं. त्याच रात्री गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जीमिक हे फिल्टरांचं प्लगइन टाकलं. दोन्ही फुकट.

सुरुवातीचे दोन महिने मी वैतागलेलीच होते. पाचशेच्या वर फिल्टर, आणि त्यातले कितीतरी असे की वाघाला लावले तर वाघ फुटक्या काचेचा दिसतो. रॉडिलियस नावाचा एक आहे, तो पिसांच्या, केसांच्या कडांना उजेडाच्या रेघा काढतो. पिंगळ्याला पहिल्यांदा लावला तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. आठवडाभराने तेच चित्र मला बघवेना.

टिकला तो कुवाहारा नावाचा फिल्टर. हा मूळचा 1976 चा, हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांसाठी काढलेला. प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या चौकटीचे तो चार भाग करतो आणि ज्या भागात रंगांची चढउतार सगळ्यात कमी, त्याची सरासरी घेतो. त्यामुळे कडा जागच्या जागी राहतात आणि आतला भाग ब्रशने भरल्यासारखा सपाट होतो. वाघाचे पट्टे, चित्रबलाकाच्या पंखांवरचा गुलाबी रंग, भिगवणचं सकाळचं पाणी, या सगळ्यांवर तो सुंदर बसतो.

आणि तोच डोळा मारतो. भीमाशंकरच्या शेकरूचा फोटो बारा बाय अठरा इंच कॅनव्हासवर छापायला दिला होता. फ्रेमवाल्या काकांनी प्रिंट उजेडात धरला आणि म्हणाले, "ताई, बाकी झकास आहे, पण डोळा मेलाय हो." खरंच मेला होता. बुबुळावरचा पांढरा ठिपका गायब, काळं बटण शिवल्यासारखं. तो ठिपका चार-पाच पिक्सेलचा, चौकट त्याहून मोठी, म्हणजे आजूबाजूचा काळा रंग त्याला गिळणारच. वाघाच्या मिशाही अशाच जातात. घरी येऊन जुन्या प्लगइनची चित्रं पूर्ण आकारात उघडली. तिथेही सगळे डोळे मेलेले! इतके दिवस मी ती मोबाइलवरच बघत होते.

तेव्हापासून मी एकच पद्धत पाळते. लेयरची प्रत काढायची, कुवाहारा फक्त वरच्या प्रतीवर, तिला पांढरा मास्क (त्यावर जिथे काळं लावू तिथे वरची प्रत लपते), आणि मऊ काळ्या ब्रशने खालचा खरा डोळा उघडा करायचा. बुबुळावर पूर्ण जोर, पापणीच्या कडेला साधारण चाळीस टक्के, नाहीतर डोळा वरून चिकटवल्यासारखा वाटतो. मिशा एकेक करून परत आणायच्या. एका फोटोला वीस मिनिटं जातात. मला ती जड वाटत नाहीत, कारण जनावर आपल्याकडे बघत होतं हे फक्त तिथेच दिसतं.

दुसरी अडचण आकाराची. हे फिल्टर आपल्या चौकटीचं माप पिक्सेलमध्ये मोजतात. सहा हजार पिक्सेल रुंद फोटोवर पाचचा आकडा दिला तर काही झालं असं वाटतही नाही, दोन हजारांवर तोच आकडा ठळक दिसतो. प्रीव्ह्यूवर विसंबू नका. आधी छपाईच्या मापाला फोटो आणा (बारा बाय अठराला 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, 3600 बाय 5400 पिक्सेल), मगच फिल्टर लावा. हे कळेपर्यंत माझे दोन प्रिंट वाया गेले.

माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते पावसाळ्यात. ताडोबाचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद, म्हणून जुनी हार्डडिस्क काढून बसले. सूर्य उगवायच्या आधी, कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ 6400 पर्यंत चढवून काढलेले चितळाचे फोटो होते, रवाळ, टाकून द्यायच्या लायकीचे. कुवाहारा लावला आणि तो सगळा रवा रंगाच्या फटकाऱ्यात विरून गेला. धुकं, शिंगं, ओलं गवत, आणि मास्कमधून राखलेला एक डोळा. स्वच्छ, उन्हातल्या फोटोंवर मला असं चित्र कधी मिळालं नव्हतं. आता मी हे इफेक्ट चांगल्या फोटोंना लावतच नाही, बिघडलेल्यांनाच लावते.

स्पर्धेला मात्र यातलं काही पाठवू नका. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेसारख्या ठिकाणी कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली रॉ फाइल मागतात, आणि ते योग्यच आहे. मी प्रिंटच्या मागे पेन्सिलने 'फोटोवरून केलेलं चित्र' असं लिहिते.

प्लगइनवाल्यांचा काल ईमेल आला, निम्म्या किमतीत देतो म्हणून. तेवढ्यात माझ्या चार फ्रेम होतात. चितळाची पहिली उद्या काकांकडून आणायची आहे.