जुन्या बुलेटचं बिग एंड: फ्लोटिंग बुश ठेवायचा की रोलर टाकायचा?

कास्ट आयर्न बुलेट ३५० चं इंजिन खटखटीपायी उतरवलं की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: "बुश काढा, रोलर टाका, विषय संपला." बिग एंड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं क्रँककडचं टोक. ते क्रँकपिनवर फिरतं, आणि दोघांच्या मध्ये बुश म्हणजे धातूचं कडं असतं, नाहीतर रोलर बेअरिंग. माझं मत आधीच सांगतो. क्रँकपिन धड असेल तर बुश, पिन खराब असेल तर रोलर. आणि दोन्हीच्या आधी ऑइल.

रॉड वर-खाली हलवून "बुश गेला" म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. फ्लोटिंग बुश पिन आणि रॉड यांच्या मध्ये मोकळा फिरतो, म्हणजे आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन फटी. कोरड्या क्रँकवर हाताला दोन्हींची बेरीज लागते. रोलरची सवय असलेल्याला ती भलतीच वाटते. रॉड आडवा सरकतो तो प्ले (मोकळीक) वेगळा, तेवढा लागतोच. खरा निकाल फ्लायव्हील, म्हणजे पिन धरून ठेवणाऱ्या क्रँकच्या दोन जड चकत्या, वेगळ्या करून, पिनला मायक्रोमीटर दोन दिशांनी लावल्यावर. पिन लंबगोल झाली असेल किंवा तिच्यावर नखाला लागतील असे ओरखडे असतील, तर नवा बुश टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

बुश स्वस्त. मऊ धातूचा असल्याने बारीक कचरा पोटात घेतो, आणि जाण्याआधी बरेच दिवस खटखटून सांगतो. पण त्याला दाबाने येणारं स्वच्छ ऑइल सतत लागतं. रोलर क्षणभराचा दुष्काळ सोसतो, लांबच्या हायवेला निवांत चालतो. मात्र रॉड आणि पिनसकट बदलावा लागतो, किट भिकार निघालं तर रोलरला खड्डे पडतात आणि तो चुरा सगळीकडे फिरतो. फ्लायव्हील ट्रू करायचं, म्हणजे डगमग न होता सरळ फिरतील अशा बसवायचं, काम दोन्हीकडे सारखंच. डायल गेजवर दोन थाऊ (इंचाचे दोन हजारांश), म्हणजे ०.०५ मिमीच्या वर मी सोडत नाही.

आता ऑइल. पंपाकडून आलेलं ऑइल टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरतं आणि आतल्या वाटेने पिनपर्यंत जातं. त्या टोकाशी छोटंसं सील असतं, जुन्या इंजिनात कॉर्कचं. ते कडक झालं की ऑइल तिथूनच गळून खाली पडतं. तरी वर रॉकरला (वाल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांना) ऑइल येताना दिसतं, आणि मालक खूश! पण बुलेटमध्ये रॉकरला परतीचं ऑइल जातं. बिग एंड उपाशी असला तरी रॉकर ओले राहतात.

माझ्या एका क्रँकवर लेथवाल्याने पिन फिरवून बसवली होती. पिनचं भोक फ्लायव्हीलच्या भोकासमोर नव्हतंच. नवा कोरा बुश थोड्याच दिवसांत तापून निळा पडला. तेव्हापासून क्रँक जोडून आला की केसिंगमध्ये घालण्याआधी ऑइलच्या कुपीचं तोंड टायमिंगकडच्या टोकाला घट्ट धरून दाबतो. बुशच्या कडेने ऑइल पाझरताना दिसलं तरच पुढचं काम. रोलर टाकला असला तरी हे करतोच. आणि कॉर्कचं सील, चांगलं दिसलं तरी, जुनं परत बसवत नाही.