कम्युनिटी कॉलेजची 'सीट ब्लॉक' करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका

तीन लाख त्रेपन्न हजार रुपये. जानेवारी ते जुलै २०२५ या काळात पुण्यातल्या एका परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीने आमच्याकडून एवढे पैसे काढले, आणि ते कशासाठी, तर अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजच्या प्रवेशासाठी, जिथे प्रवेशाला मुळात चढाओढच नसते. कन्सल्टन्सीचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलांनी तसं बजावलंय. पद्धत मात्र सगळी लिहिते, कारण आत्ता या घडीलाही कुणाच्या तरी घरी ठेव मोडायची बोलणी चालू असतील.

आम्ही सांगली जिल्ह्यातले. मी शिक्षिका, हे सहकारी संस्थेतून निवृत्त झालेले. मुलाला कॉम्प्युटर सायन्स करायचं होतं आणि चार वर्षांच्या अमेरिकन विद्यापीठाची फी आमच्या आवाक्याबाहेर होती. कम्युनिटी कॉलेजचा मार्ग खोटा नाही, हे आधीच सांगते, कारण आता नातेवाईक म्हणतात की 'असलं काही कॉलेज नसतंच'. असतं. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. दोन वर्षं तिथे शिकायचं, मग गुणांवर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जायचं. बाहेरच्या देशातल्या मुलांना प्रति युनिट (विषयाचा भार मोजायचं माप) साधारण ३५० ते ४५० डॉलर पडतात आणि विद्यार्थी व्हिसावर सत्राला किमान १२ युनिट घ्यावी लागतात. हिशोब तुम्हीच करा, विद्यापीठाच्या फीपेक्षा कितीतरी कमी येतो. म्हणून तर आम्ही त्या वाटेला गेलो.

आणि नेमकी हीच गोष्ट त्या कन्सल्टन्सीवाल्याने आमच्यापासून लपवली: या कॉलेजांत प्रवेश सगळ्यांना खुला असतो. बारावी झालेली असली, फीचे पैसे खात्यात दाखवता आले, इंग्रजी बऱ्यापैकी असलं की अर्ज करता येतो. नर्सिंगसारख्या काही अभ्यासक्रमांना जागा मोजक्या असतात, ते वेगळं. कॉलेजात यायलाच 'सीट' लागते, ती आधी 'ब्लॉक' करावी लागते, ही शुद्ध थापेबाजी आहे. उघड्या दाराची किल्ली आम्हाला विकली त्याने. आपल्याकडे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशात कटऑफ, राउंड, मॅनेजमेंट कोटा हेच ऐकत पालक म्हातारे होतात. 'सीट' म्हटलं की आपला जीव खालीवर होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पैसे कसे गेले ते रकमेसकट लिहिते. नोंदणी २५,००० आणि वर जीएसटी म्हणून ४,५००. पावती छापील पुस्तकातली, क्रमांक हाताने घातलेला, जीएसटी क्रमांक कुठेच नाही. (जीएसटी घेतला आणि जीएसटी नंबर नसलेली पावती दिली, तर तिथूनच उठा.) मग तीन कॉलेजांची अर्ज फी, प्रत्येकी १०० डॉलर, त्यात डॉलरला ९० चा दर लावला, म्हणजे २७,०००. तेव्हा बाजारात डॉलर ८६-८७ च्या आसपास होता, आणि बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांची अर्ज फी ५० डॉलरच्या घरात असते, हे दोन्ही मला नंतर कळलं. सीट ब्लॉकिंग २,००० डॉलर, म्हणजे १,८०,०००. इंग्रजीच्या परीक्षेतून सूट म्हणून 'आयईएलटीएस सवलत पत्र' ४०,०००. सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारी यंत्रणा) फी ३५० डॉलर, म्हणजे ३१,५००. आणि शेवटी व्हिसा मुलाखतीचा 'प्रायॉरिटी स्लॉट' ४५,०००. बेरीज ३,५३,०००. यातली सीटची रक्कम पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडून दिली, त्याचं व्याज बुडालं ते वेगळंच.

आता सीटचे पैसे भरले त्या दिवसाबद्दल. सीट कन्फर्मेशनचं पत्र मेलवर आलं होतं. वर कॉलेजचं बोधचिन्ह, खाली सही, शिक्का. मुलगा मोबाइलवर बोटांनी ते बोधचिन्ह मोठं करून बघत होता, कडा फाटल्यासारख्या दिसत होत्या. तो म्हणाला, "आई, हा मेल डॉट ई-डी-यूवरून आलेला नाही. कॉलेजच्या साइटवरचे सगळे पत्ते डॉट ई-डी-यूचे आहेत." मी त्याच्यासमोरच फोन लावला. पलीकडून उत्तर तयार होतं: "मॅडम, भारतीय विद्यार्थ्यांचं काम त्यांनी बाहेरच्या प्रोसेसिंग टीमला दिलंय, म्हणून मेल आयडी वेगळा. तुम्ही कॉलेजला डायरेक्ट मेल करू नका हं, दोन अर्ज दिसले की सिस्टीम दोन्ही रद्द करते." आणि वर, "आज संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर सीट वेटिंगवाल्याला जाईल."

हे वाक्य मी रोज रात्री ऐकते. कॉलेजला मेल करू नका. खऱ्या कामाचा माणूस असं कशाला सांगेल? त्या एका वाक्यात सगळं उघडं पडलं होतं. पण त्या क्षणी समोर काय होतं तेही बघा. ज्यांच्या ओळखीने आम्ही तिथे गेलो, त्या माझ्या दिरांच्या मित्राचा मुलगा याच माणसाकडून खरोखर कॅनडाला गेला होता. ऑफिसात भिंतभर व्हिसाचे फोटो होते. संध्याकाळची मुदत होती. आणि आपण अडवून धरलं म्हणून पोराचं वर्ष वाया गेलं तर, ही भीती ज्या आईला वाटणार नाही तिनेच मला बोल लावावा. मी आरटीजीएस केलं. खातं कॉलेजचं नव्हतं, त्या माणसाच्या फर्मचं होतं, पुण्यातल्याच शाखेतलं.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. परदेशातल्या कॉलेजला इथून पैसे पाठवायचे तर बँक पॅन मागते, ए-२ फॉर्म भरून घेते, पैसे कशासाठी ते लिहून घेते. यातलं काहीही न देता तुम्ही साधा आरटीजीएस किंवा यूपीआय करत असाल, तर पैसे अमेरिकेला चाललेलेच नाहीत. ते इथेच कुणाच्या तरी खिशात चाललेत. आमच्या बँकेतला माणूस ओळखीचा होता, रोज नमस्कार घालणारा. स्लिपवर 'यूएसए कॉलेज फी' असं लिहिलेलं वाचून त्याने शिक्का मारला. एक शब्द विचारला असता तर!

इंग्रजी परीक्षेची 'सवलत' हाही असाच धंदा. कित्येक कम्युनिटी कॉलेजांत आयईएलटीएसऐवजी दुसरी परीक्षा चालते, काही ठिकाणी तिथे पोचल्यावर चाचणी घेऊन वर्ग ठरवतात. हे सगळं कॉलेजच्या साइटवर फुकट वाचायला मिळतं. त्याचे आम्ही ४०,००० दिले. तसंच 'दोन वर्षांनी बर्कली गॅरंटीड'. कॅलिफोर्निया विद्यापीठाची हमी देणारी योजना खरी आहे, पण ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच कॅम्पससाठी. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. ज्याच्या तोंडून 'बर्कली गॅरंटी' ऐकाल, त्याला या सहांची नावं विचारा आणि तोंड बघा.

मे महिन्यात त्याचं फावलं. २७ मे २०२५ ला अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं, जूनच्या १८ तारखेला पुन्हा सुरू केलं आणि सोशल मीडियाची खाती खुली ठेवायला सांगितली. या बातम्या खऱ्या होत्या, म्हणून त्यांच्या आडून प्रत्येक टाळाटाळ खपली. आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने द्यायचा प्रवेशाचा कागद) उशिरा का? व्हिसा बंद आहेत. पावती का नाही? सर्व्हर बंद आहे. त्यातच स्लॉटचे ४५,०००. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकन दूतावासाने बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) लावून घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्याचं जाहीर केलं होतं. विकत घेतलेला स्लॉट मिळाला तरी टिकेल याची खात्री नसते, आणि आम्हाला तर तोही मिळाला नाही.

उघडकीला आणलं ते मुलानेच. आय-२० म्हणून जो कागद आला, त्यावर एन अक्षराने सुरू होणारा सेविस क्रमांक होता. सेविस फी भरल्याची नोंद अमेरिकन सरकारच्या फीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येते: क्रमांक, आडनाव, जन्मतारीख टाकायची. त्याने टाकली. नोंद नाही. मग त्याने कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला, त्यांच्या साइटवरच्या पत्त्यावर, मेल केला. उत्तर रातोरात आलं: या नावाचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही, आणि जोडलेली पत्रं आमची नाहीत. जो मेल करू नका म्हणून सांगितलं होतं, तो मेल फुकट होता.

पैशापेक्षाही मोठं संकट थोडक्यात टळलं, ते कुणी सांगत नाही म्हणून सांगते. खोटा आय-२० घेऊन पोरगं मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला उभं राहिलं असतं, तर खोटी कागदपत्रं दिल्याचा ठपका त्याच्यावर आला असता, एजंटवर नाही. अमेरिकेचा कायदा त्यासाठी आयुष्यभराची बंदी घालतो. डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म एजंटला भरू देऊ नका, निदान प्रत्येक ओळ मुलाने स्वतः वाचल्याशिवाय सही नको. आणि नुसतं अमेरिकेच्या सरकारी यादीत कॉलेजचं नाव दिसलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. मिशिगनचं फार्मिंग्टन विद्यापीठ तर अमेरिकेच्या यंत्रणांनीच सापळा म्हणून उभं केलं होतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यात पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते.

आता आपल्या यंत्रणांबद्दल. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्याने विचारलं, ओटीपी दिला होता का? नाही. लिंक दाबली होती का? नाही. मग म्हणे हे सायबरमध्ये बसत नाही, तुम्ही स्वतःहून पैसे पाठवलेत. सांगलीच्या पोलीस ठाण्यात गेलो तर ऑफिस पुण्यात आहे, पुण्याला जा. पुण्यात गेलो तर पैसे सांगलीहून गेलेत, तिकडे द्या. तिसऱ्याने आमचं करारपत्र वाचलं, 'सेवा शुल्क परत मिळणार नाही' या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ओ मॅडम, हा दिवाणी वाद आहे. वकील बघा." खोटं पत्र बनवून पैसे घेणं दिवाणी? बनावट शिक्का दिवाणी? मी त्या हवालदाराच्या वयाच्या मुलांना शिकवलंय, आणि तो माझ्याशी असा बोलत होता की गुन्हा मीच केलाय. साहेब कधी बंदोबस्ताला, कधी मीटिंगला. अर्ज घेतला, पण पोच द्यायला नकार. पोच मागितली की चेहरे बघा त्यांचे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, ठाण्याने गुन्हा नोंदवून घ्यायचा आणि पुढे वर्ग करायचा असतो. हे मी छापून नेलं. त्यांनी ते वाचलंही नाही. नोंद घेत नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, त्याची पावती पुढे न्यायालयात लागते. आम्ही तेच केलं.

वरून कुणाच्या परवान्याने ही दुकानं चालतात, हेही विचारलं. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटला केंद्राचं लायसन्स लागतं, पण ते शिक्षणवाल्यांना लागू नाही म्हणतात. पंजाबने २०१२ मध्ये अशा लोकांसाठी वेगळा कायदा केला. आपल्याकडे पुण्याच्या एकेका रस्त्यावर दर चार बोर्डांत एक 'स्टडी अब्रॉड', आणि त्यांना विचारणारं कोण, हे मला एकाही कार्यालयात कुणी सांगू शकलं नाही. अमेरिकन सरकारचं एज्युकेशन-यूएसए मुंबईत फुकट सल्ला देतं, ही माहिती मात्र आमच्या तालुक्यापर्यंत कधी पोचली नाही.

जिथे माणसासारखं ऐकून घेतलं ती जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. तक्रार दाखल झाली आहे. कन्सल्टन्सीचा बोर्ड उतरलाय, फोन बंद आहेत, पण फर्मच्या बँक खात्याचा तपशील आमच्याकडे आहे.

ज्यांनी पुण्यातल्या कुठल्याही कन्सल्टन्सीला कम्युनिटी कॉलेजच्या 'सीट ब्लॉकिंग'चे किंवा 'आयईएलटीएस सवलत पत्रा'चे पैसे दिलेत, त्यांनी आज दोन कामं करा. सेविस क्रमांक स्वतः तपासा आणि कॉलेजला स्वतः मेल टाका. उत्तर आमच्यासारखं आलं तर पावती, पत्र, मेल, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं काहीही पुसू नका, आणि लाजेखातर गप्प बसू नका. आमच्या एकट्याच्या तक्रारीला ते दिवाणी म्हणाले. त्याच छापाची पत्रं पाच-दहा घरांतून ठाण्यात आली, तर पहिल्या दिवसापासून फसवायचाच इरादा होता हे त्यांना लिहून घ्यावं लागेल.